दारापुढील रस्ता कोणाचा?

पस्तीस वर्षें प्राथमिक शाळेंत मुलांना पाढे व शुद्धलेखन शिकविण्यांत ज्याचें आयुष्य गेलें, ज्याचें शिक्षण जुन्या अकरावीच्या मॅट्रिकपाशीं व त्यानंतरच्या अध्यापनाच्या पदविकेपाशीं थांबलें, अशा माणसानें मोटारी कोठें उभ्या कराव्या या विषयावर बोलावें, हें आपल्यापैकीं कित्येकांना चमत्कारिक वाटेल. नगररचना हें माझें शास्त्र नव्हे. कायद्याचें पुस्तकही मीं निवृत्त झाल्यावरच प्रथम उघडलें. तरीही या विषयावर बोलण्याचा एक अधिकार मजजवळ आहे, आणि तो पंडिताचा नसून अपराध्याचा आहे. पदपथावर मोटार उभी करण्याचा अपराध मीं स्वतः सलग चार वर्षें केला, त्यापायीं शेजाऱ्याशीं अबोला धरला, आणि त्या अबोल्यांत मीच बरोबर आहें अशी माझी पक्की खात्री होती. ती खात्री कशी ढळली, तें आज आपणांस सांगावयाचें आहे.

मी पुण्याच्या एका जुन्या पेठेंत राहतों. पेठांतील गल्ल्या पायीं चालणाऱ्या माणसांच्या आणि फार तर बैलगाडीच्या मापानें पडलेल्या. पुढें सायकली आल्या व पुणें हें सायकलींचें शहर म्हणून गाजलें. वाड्याच्या भिंतीला सायकल टेकवून ठेविली कीं तिच्या शेजारून माणूस सहज जाई. नोकरीचीं पहिलीं कित्येक वर्षें मीही सायकलवरूनच शाळेंत जात असें. त्यानंतर स्कूटरी आल्या, मोटारसायकली आल्या, मोटारी आल्या. वाडे पडून त्यांच्या जागीं चार-पांच मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. जेथें चार बिऱ्हाडें होतीं तेथें पंधरा झालीं. परंतु पुढचा रस्ता होता तेवढाच राहिला. २०१८ च्या सुमारास पुण्याच्या परिवहन कार्यालयांत नोंदलेल्या वाहनांची संख्या ३६ लाखांच्या वर गेली, आणि शहरांतील माणसांहून वाहनेंच अधिक झालीं, अशी वार्ता वृत्तपत्रांत आली होती. त्या वाहनांतील एक माझें होतें.

निवृत्तीच्या वेळीं ग्रॅच्युइटीची रक्कम हातीं आली, तेव्हां मुलाच्या आग्रहावरून मीं एक जुनी, लहानशी मोटार घेतली. आमच्या इमारतीखालीं जागा थोडी, आणि ती आधींच इतरांना वाटून दिलेली. तेव्हां मोटार दारापुढें रस्त्यावर राहणार हें उघड होतें. दारापुढील पदपथ पांच फुटांचा. मोटारीचीं दोन चाकें पदपथावर व दोन खालीं, अशी ती मी लावीत असें, आणि असें करण्यांत आपण रहदारीवर उपकारच करीत आहों अशी माझी समजूत होती. कारण तेवढाच रस्ता रिक्षांना व टेम्पोंना मोकळा राहतो. मीं कोणाचा विचार केला तें मला दिसत होतें. कोणाचा केला नाहीं तें मात्र दिसत नव्हतें.

शेजारच्या इमारतींत टपाल खात्यांतून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. त्यांच्या मुलाचीही मोटार होती, आणि आमच्या दारापुढच्या कडुनिंबाच्या सावलींतील तीच जागा त्यांनाही हवी असे. जो आधीं येईल त्याची जागा, हा त्यांचा न्याय. ज्याचें दार त्याची जागा, हा माझा न्याय. मीं रंगाच्या रिकाम्या डब्यांत सिमेंट ओतून त्यांत एक लोखंडी कांब रोवली, आणि मोटार बाहेर काढली कीं तो डबा त्या जागीं ठेवूं लागलों. तो डबा दोनदां गटाराशेजारीं पडलेला आढळला. एके दिवशीं सकाळीं मोटारीच्या एका चाकांतील हवा गेलेली दिसली. पुरावा कांहीं नव्हता. तरी माझा संशय कोणावर गेला तें सांगण्याची गरज नाहीं. त्या दिवशीं रस्त्यांतच आमचें भांडण झालें. ते म्हणाले, “मास्तर, रस्ता तुमच्या सात-बाऱ्यावर चढला आहे काय?” मीं उत्तर दिलें, “रस्ता नसेल, पण दार तर माझें आहे ना?” त्यानंतर दोन संक्रांतींना या घरचा तिळगूळ त्या घरीं गेला नाहीं.

श्रोतेहो, असलीं भांडणें पुण्यांतच होतात असें नाहीं. ठाण्यास, नागपुरास, नाशकास, कोल्हापुरास, जेथें जेथें घरें दाट झालीं व मोटारी वाढल्या, तेथें तेथें हाच डबा, हीच कुंडी, हीच मोडकी खुर्ची दारापुढें मांडलेली दिसते. “गाडी लावल्यास हवा सोडली जाईल” या पाटीला आपण पुणेरी विनोद म्हणून हंसतों; पण ती पाटी लिहिणारा व वाचणारा हे दोघेही ज्या जागेसाठीं भांडतात, ती जागा बहुधा दोघांपैकीं एकाचीही नसते.

हें मला उमगलें तो हनुमान जयंतीचा दिवस होता. शेजाऱ्यांच्या पत्नीला आम्ही वहिनी म्हणतों. त्यांना गुडघ्यांचा विकार आहे. वॉकर घेऊन त्या रोज शे-दीडशें पावलांवरच्या मारुतीच्या देवळांत जात असत. त्या सकाळीं मी गॅलरींत उभा असतांना त्या हातांत हाराची पिशवी अडकवून येतांना दिसल्या आणि माझ्या मोटारीपाशीं येऊन थांबल्या. वॉकरची रुंदी दोन फूट. मोटारीचा आरसा व इमारतीची भिंत यांमधील वाट दीड फूट. हें गणित सोडविण्यास मास्तर लागत नाहीं. त्यांनीं रस्त्याकडे पाहिलें. पदपथाची कड वीतभर उंच, आणि खालून रिक्षा व मोटारसायकली एकसारख्या चाललेल्या. मोटारीच्या टपावर हात टेकून त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग त्यांनीं वॉकर हळूहळू वळविला आणि त्या घरीं परत गेल्या. त्यांनीं वर पाहिलें नाहीं. पाहिलें असतें आणि दोन शब्द बोलल्या असत्या तर बरें झालें असतें, असें मला पुढें पुष्कळ दिवस वाटत राहिलें.

मीं आंत येऊन पत्नीला ही हकीकत सांगितली. ती म्हणाली, “त्यांनीं देवळांत जाणें सोडून तीन महिने झाले. आज सण म्हणून निघाल्या असतील. तुम्हांला ठाऊक नव्हतें?” मला ठाऊक नव्हतें. कडुनिंबाची सावली दुपारीं कोठें सरकते हें मला ठाऊक होतें. डब्याला कोणीं हात लावला याची मी रोज चौकशी करीत असें. परंतु एका म्हातारीची देवळाची वाट माझ्या मोटारीनें बंद केली, ही गोष्ट चाळीस पावलांवर राहून मला कळली नव्हती.

संध्याकाळीं मी शेजाऱ्यांच्या घरीं गेलों व म्हणालों, “मोटार उद्यां तेथून काढतों. वहिनींची वाट अडली होती. माझ्या ध्यानांत आलें नाहीं.” ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, “मास्तर, ती जागा मला मिळाली असती तर माझ्या मुलाची गाडी तेथेंच उभी राहिली असती. मग हिची वाट मीच अडविली असती.” एवढ्यावर आमचें भांडण मिटलें. तें मिटावयास चार वर्षें लागलीं, कारण दोघांनींही प्रश्न चुकीचा मांडला होता. जागा तुमची कीं माझी, असें आम्ही विचारीत होतों. ती चालणाऱ्याची आहे, हें उत्तर त्या प्रश्नांत बसतच नव्हतें.

आतां थोडें कायद्याविषयीं सांगतों. मोटार वाहन कायदा १९८८ चा. इतर लोकांना धोका, अडथळा किंवा अवाजवी त्रास होईल अशा रीतीनें सार्वजनिक ठिकाणीं वाहन उभें ठेवूं नये, असें त्याचें १२२ वें कलम सांगतें. २०१७ च्या वाहनचालनाच्या नियमांत पदपथ, सायकलमार्ग आणि पादचाऱ्यांची ओलांडण्याची जागा, या ठिकाणीं वाहन लावण्यास स्पष्ट मनाई आहे. दुसऱ्याच्या फाटकापुढें वाहन लावण्यासही मनाई आहे. पण मनाई आहे म्हणजे आपल्या दारापुढची जागा आपली झाली, असें नव्हे. फाटक मोकळें मिळण्याचा हक्क आपला. फाटकाबाहेरचा रस्ता सर्वांचा. माझ्या त्या डब्याला कोणत्याही कायद्याचा आधार नव्हता.

सर्वोच्च न्यायालयाचा १९८५ सालचा एक निकाल प्रसिद्ध आहे. मुंबईच्या पदपथांवर झोपड्या बांधून राहणाऱ्या गरिबांचा तो दावा होता. त्यांचा उपजीविकेचा हक्क न्यायालयानें मान्य केला. परंतु त्याबरोबरच असेंही सांगितलें कीं पदपथ ही सार्वजनिक मालमत्ता आहे, ती सर्व जनतेच्या सोयीसाठीं आहे, खासगी वापरासाठीं नव्हे. पदपथावर झोपडी दिसली कीं आपण मध्यमवर्गीय मंडळी ‘अतिक्रमण’ हा शब्द तत्काळ उच्चारतों. ज्याला दुसरा आसराच नाहीं त्याची झोपडी जर अतिक्रमण, तर ज्याला पक्कें घर आहे त्याच्या मोटारीला आपण कोणतें नांव देणार? पुढें मे २०२५ मध्यें त्याच न्यायालयानें पदपथ वापरण्याचा पादचाऱ्याचा हक्क हा संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदांतील जीविताच्या हक्काचाच भाग आहे असें सांगितलें, आणि पदपथ अपंगांनाही वापरतां येतील असे असावे व त्यांवरील अतिक्रमणें दूर व्हावीं, असें राज्यांना बजाविलें. ‘जीविताचा हक्क’ हे शब्द कोणास फार मोठे वाटतील. २०२२ सालीं आपल्या देशांत रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें दगावलीं. त्यांपैकीं ३२,८२५ पायीं चालणारीं होतीं. म्हणजे दर दिवशीं सुमारें नव्वद. तीं सर्व पदपथ अडल्यामुळेंच गेलीं असें मी म्हणत नाहीं. परंतु पदपथावरून उतरावें लागलेलें प्रत्येक पाऊल त्या धोक्याच्या दिशेनें पडतें, हें नाकारतां येणार नाहीं.

यावर विचारणारे विचारतील, कीं मास्तर, हें सगळें खरें. पण मोटार ठेवावयाची कोठें? प्रश्न योग्य आहे, आणि तो टाळणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. ज्याचें पोट रिक्षावर चालतें, जो रात्रीं बाराला रिक्षा घेऊन घरीं येतो, त्यानें ती डोक्यावर घेऊन फिरावें असें कोण म्हणेल? त्याची सोय समाजानें केलीच पाहिजे. परंतु माझ्यासारख्याची गोष्ट निराळी आहे, आणि येथें मी माझें आवडतें शस्त्र, अंकगणित, बाहेर काढतों.

एक मोटार उभी करण्यास अडीच मीटर रुंद व पांच मीटर लांब जागा धरण्याची पद्धत आहे. म्हणजे साडेबारा चौरस मीटर, अथवा सुमारें १३५ चौरस फूट. मी लहान असतांना आमचें पांच माणसांचें बिऱ्हाड वाड्यांतल्या ज्या खोलींत राहत असे, ती दहा फूट रुंद व बारा फूट लांब होती. म्हणजे १२० चौरस फूट. त्या खोलीचें भाडें माझे वडील पहिल्या आठवड्यांत न चुकतां भरीत असत. माझी मोटार दिवसाकाठीं सरासरीनें एक तासही चालत नव्हती. तेवीस तास ती निजून असे, आणि तीही पांच माणसांच्या घराहून मोठ्या जागेंत, एक पैही भाडें न देतां! घरांत जागा नाहीं म्हणून कोणी आपलें कपाट रस्त्यावर मांडलें तर आपण त्याला वेड्यांत काढूं. मोटारीला चाकें आहेत, एवढ्याच आधारावर आपण तिला निराळा न्याय लावतों.

जागेचें मोल द्यावें, ही कल्पना नवी नाहीं. जपानांत १९६२ साली कायदा झाला, कीं मोटार घेणारानें ती ठेवण्याची जागा रस्त्याबाहेर आहे असा दाखला आधीं दाखवावा. ती जागा घरापासून दोन किलोमीटरांच्या आंत असली पाहिजे. लंडन शहरांत पदपथावर मोटार लावण्यास १९७४ च्या कायद्यानें सर्वसाधारण बंदी झाली, आणि जेथें खरोखरच अडचण आहे तेथें पाटी लावून सूट देण्यांत येते. महाराष्ट्रांतही जागेचा दाखला असल्याखेरीज नव्या मोटारीची नोंद करूं नये, असा विचार २०२५ मध्यें राज्याच्या परिवहन मंत्र्यांनीं बोलून दाखविला. आमच्या पुण्यांत २०१६ सालीं महानगरपालिकेनें पादचाऱ्यांसाठीं स्वतंत्र धोरण स्वीकारलें. मार्च २०१८ मध्यें वाहनें उभीं करण्याचें धोरणही संमत झालें. परंतु मूळ प्रस्तावांतील रात्रीचें शुल्क विरोधामुळें वगळण्यांत आलें, आणि आरंभ केवळ पांच रस्त्यांपुरता ठेवण्यांत आला. त्या वेळीं विरोध करणारांत मीही होतों. ‘आमच्याच दारांत आम्हींच पैसे द्यावयाचे काय?’ असें मी कट्ट्यावर मोठ्यानें म्हणत असें. त्या ‘आमच्याच दारांत’ या शब्दांतील चूक मला तेव्हां कळली नव्हती.

हनुमान जयंतीच्या दुसऱ्या दिवशीं मीं मोटार हलविली, आणि दहा मिनिटांच्या वाटेवर एका आवारांत महिन्याच्या भाड्यानें जागा घेतली. भर पावसांत छत्री घेऊन तेथवर जावें लागतें तेव्हां मला अजूनही राग येतो, हें मी लपवीत नाहीं. भाडें द्यावें लागूं लागलें तसा मोटारीचा उपयोग किती होतो याचा मी हिशेब ठेवूं लागलों, आणि महिन्यांतून चार-पांच वेळांहून अधिक तिची गरज नाहीं असें आढळून आलें. पुष्कळ कामें बसनें होतात, कांहीं रिक्षानें, आणि मंडईंत तर मी पायींच जातों.

पण हकीकत येथें संपत नाहीं. माझी मोटार हलल्यावर तिसऱ्याच दिवशीं त्याच जागीं, त्याच कडुनिंबाखालीं, दोन चाकें पदपथावर चढवून एक अनोळखी मोटार उभी राहिली! वहिनींची वाट पुन्हां बंद. तेव्हां मला आणखी एक धडा मिळाला. एका माणसाचा पश्चात्ताप एका माणसापुरता असतो. पदपथ मोकळा राहावयास शेजाऱ्यांचा एकोपा लागतो आणि रस्त्याची रचनाही तशी असावी लागते. टपाल खात्यांतले ते गृहस्थ आणि मी, असे आम्ही दोघे दारोदार फिरलों व सतरा बिऱ्हाडांच्या सह्यांचा अर्ज घेऊन क्षेत्रीय कार्यालयांत गेलों. कांहीं महिन्यांनीं पदपथाच्या कडेला लोखंडी खांब बसले. खांबांमधून वॉकर व चाकांची खुर्ची जाते, मोटार जात नाहीं. जें काम माझ्या सद्बुद्धीनें चार वर्षांत झालें नाहीं, तें त्या मुक्या खांबांनीं एका दिवसांत केलें.

यावरून मला सुचलेल्या दोन-तीन गोष्टी नम्रपणें पुढें ठेवतों. पदपथ चालण्यास किमान १.८ मीटर, म्हणजे सहा फूट, मोकळा असावा व त्याची कड १५० मिलिमीटरांहून, म्हणजे सहा इंचांहून, उंच नसावी, असें इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत सांगितलें आहे. आपल्या गल्लींतील पदपथ एकदां फूटपट्टीनें मोजून पाहावा. अर्ज करतांना तें माप उपयोगी पडतें. ज्या रस्त्याला रुंदी आहे तेथें एका बाजूस पट्टे आंखून वाहनांना जागा द्यावी, पण ती रस्त्यावर, पदपथावर नव्हे. शाळा, कचेऱ्या, मंगल कार्यालयें यांचीं आवारें रात्रीं रिकामीं असतात. तेथें वाजवी भाड्यानें रहिवाशांच्या गाड्या रात्रीपुरत्या उभ्या राहूं शकतील. आणि इमारतींत कोणाची गाडी कोठें, हा तंटा हवा सोडून सुटत नाहीं. चार घरांनीं एकत्र बसून, म्हाताऱ्यांची व आजाऱ्यांची सोय आधीं पाहून, कागदावर लिहून घेतल्यानें तो सुटतो.

पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन पाळतात. त्या दिवशीं त्या गजबजलेल्या रस्त्याचा कांहीं भाग वाहनांना बंद असतो. पहिल्या वर्षीं मी मुद्दाम गेलों होतों. आजोबा नातवाचा हात सोडून चालत होते. सबंध आयुष्यांत त्या रस्त्यावर मुलाचा हात सुटलेला मीं पाहिला नव्हता. रस्ता मूळचा कोणासाठीं असतो, हें मला त्या दिवशीं पुस्तकावांचून कळलें.

वहिनी आतां पुन्हां देवळांत जातात. मागच्या संक्रांतीला त्यांनीं स्वतः आमच्या घरीं येऊन तिळगूळ दिला. झाल्या गोष्टीचा उल्लेख त्यांनींही केला नाहीं व मींही केला नाहीं. परंतु त्या दीड फुटांची आठवण दोघांच्याही मनांत होती, असें मला वाटलें.

मास्तरानें भाषण संपवितांना गृहपाठ दिल्याखेरीज त्याला चैन पडत नाहीं. तेव्हां उद्यां सकाळीं आपल्या दारापासून शंभर पावलें पदपथावरूनच चालून पाहावें, आणि किती वेळां खालीं रस्त्यावर उतरावें लागलें तें मोजावें. नंतर त्या प्रत्येक ठिकाणीं कोणाची गाडी उभी होती तें आठवावें. उत्तर कोणास दाखविण्याची गरज नाहीं. त्यांतील एक गाडी आपली असेल, तर पुढें काय करावें हें आपणच ठरवावें.